घरातला गॅस वर जातो, गाडीतला खाली बसतो

आमची जुनी ट्रॅव्हलर मिनीबस भिवंडीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये कॅम्पर, म्हणजे प्रवासात राहण्याची गाडी, होत होती, तेव्हा मिस्त्रींनी गॅस डिटेक्टर शेगडीच्या वर, छताला अगदी लागून बसवला होता. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "ताई, किचनमध्ये वरच लावतात." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांची सारी कामे मुंबईतल्या स्वयंपाकघरांत झालेली होती, आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी आता सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आलेला आहे. पाइपच्या गॅससाठी छताजवळची जागा अगदी योग्य आहे. आमच्या गाडीत मात्र पाच किलोचा सिलिंडर बसणार होता, आणि सिलिंडरमधला गॅस गळला असता तर तो त्या डिटेक्टरच्या दीड मीटर खाली, आमच्या पायांशी साठत राहिला असता.

कॅम्पर किंवा कॅरॅव्हॅनमधील सुरक्षेच्या बहुतेक चुका अशाच होतात. निष्काळजीपणापेक्षा घरची सवय तिथे जास्त नडते. म्हणून डिटेक्टर कोणता घ्यावा हे ठरवण्याआधी, तो ज्याचा वास घेणार आहे ती वस्तू हवेत कशी वागते हे समजून घेतले पाहिजे.

पाइपने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा असतो, त्यामुळे गळला की वर चढतो. सिलिंडरमधला गॅस, म्हणजे एलपीजी, हा प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो आणि ब्युटेन सुमारे दुप्पट. त्यामुळे हा गॅस पाण्यासारखा उतार शोधतो, पलंगाखालच्या खणात शिरतो, पायरीच्या खोलगट जागेत साचतो, आणि वरच्या खिडक्या उघड्या असल्या तरी तळाशी तसाच पडून राहतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. मिथेनला त्यासाठी पाच टक्के लागतात. म्हणजे घरातल्या पाइपच्या गॅसपेक्षा गाडीतला गॅस जड तर आहेच, पण कमी प्रमाणात पेटणाराही आहे.

हे प्रमाण गाडीत किती लवकर गाठले जाते, याचा हिशेब मी कागदावर मांडला होता आणि त्यानंतर आमच्या घरात या विषयावर वाद झाला नाही. गाडीतली राहण्याची जागा चार मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद धरली, तर तळापासून २० सेंटीमीटर उंचीपर्यंतची हवा सुमारे १.४ घनमीटर भरते. तिचे दोन टक्के म्हणजे २९ लिटर गॅस, आणि वजनात तो जेमतेम ६० ते ६५ ग्रॅम होतो. शेगडीचा एक बर्नर तासाला सुमारे दीडशे ग्रॅम गॅस जाळतो, आणि वाऱ्याने विझला तर तेवढाच गॅस न जळता बाहेर सोडतो. दारे-खिडक्या बंद असतील, तर चहा उतू जाऊन विझलेला एक बर्नर अर्ध्या तासाच्या आत गाडीचा तळ पेटण्याच्या स्थितीला आणू शकतो. मुंबईतल्या लहानशा वन-बीएचकेमध्येही हवा गाडीच्या कितीतरी पट असते, आणि दाराखालच्या फटीतून, मोरीतून, खिडकीतून ती सतत हलत असते. गाडीत ती सवलत मिळत नाही.

गॅसला वास असतो, मग यंत्र कशाला, असे अनेक जण विचारतात. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, आणि गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळलेले असते. जागे असताना तो वास लगेच लक्षात येतो. पण झोपेत आपले नाक पहारा देत नाही, आणि तोच वास बराच वेळ राहिला तर जागेपणीही नाक त्याला सरावते. सर्दी झालेली असेल तर बोलायलाच नको.

एलपीजी डिटेक्टरच्या आत बहुधा टिन डायऑक्साइडचा एक लहानसा तापवलेला कण असतो. स्वच्छ हवेत त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन चिकटून बसतो आणि त्यातून वीज सहज वाहू देत नाही. गॅस आला की तो त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, अडथळा कमी होतो, वीज वाढते आणि भोंगा वाजतो. जपानमधील नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये या तत्त्वावरच्या सेन्सरचे पेटंट मागितले, आणि आजही स्वस्त व मध्यम किमतीचे बहुतेक डिटेक्टर याच मार्गाने चालतात. चांगला डिटेक्टर पेटण्याच्या मर्यादेच्या एक चतुर्थांशाच्या आतच, म्हणजे धोका अजून दूर असतानाच, वाजायला लागतो.

हा कण तापलेला असतो, ही गोष्ट दोन कारणांसाठी ध्यानात ठेवावी. एक म्हणजे त्याला सतत वीज लागते, त्याबद्दल पुढे लिहिते. दुसरे म्हणजे तो हवेतल्या इतर वाफांनाही दाद देतो. केसांचा स्प्रे, डास मारण्याचा फवारा, थिनर, रूम फ्रेशनर यांनी तो खोटा वाजू शकतो. सगळ्यांत वाईट म्हणजे सिलिकॉन. खिडक्या आणि छतावरचे पंखे बसवताना सिलिकॉन सीलंट सढळ हाताने लावले जाते, आणि त्याची वाफ सेन्सरवर थर धरून त्याला कायमचा बधिर करू शकते. असा डिटेक्टर हिरवा दिवा दाखवत राहतो आणि गॅस आला तरी गप्प राहतो. म्हणून सीलंटचे काम पुरते सुकून वास जाईपर्यंत डिटेक्टर बसवू नये, आणि आधीच बसवला असेल तर काम चालू असताना काढून बाहेर ठेवावा.

जागेबाबत, निर्मात्याच्या पत्रकात जी उंची दिली असेल ती अंतिम मानावी. बहुतेक पत्रकांत एलपीजीसाठी ती तळापासून १० ते ३० सेंटीमीटरच्या आसपास असते. डिटेक्टर शेगडी आणि सिलिंडर यांच्या जवळ, पण दारातून वाऱ्याचा थेट झोत येणार नाही अशा ठिकाणी असावा. त्याच्यासमोर चपला, पाण्याचे कॅन किंवा लोंबता पडदा येऊ देऊ नये. आमच्याकडे तो आता ओट्याच्या खालच्या फळीवर, हातभराच्याही खाली बसलेला आहे, आणि झाडताना केरसुणी लागू नये म्हणून त्याच्या बाजूंना दोन लाकडी पट्ट्या ठोकल्या आहेत. सिलिंडरचा कप्पा आतून हवाबंद आणि तळाला बाहेर उघडणारी जाळी असलेला हवा, कारण गॅस आत आलाच नाही तर डिटेक्टरवर वेळच येत नाही.

एलपीजीपेक्षा मला कार्बन मोनॉक्साइडची भीती जास्त वाटते. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. इंधन अर्धवट जळले की तो तयार होतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. गॅस गिझर लावलेल्या बंद न्हाणीघरात माणसे बेशुद्ध पडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो, त्यांमागे हाच वायू असतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरल्याचे नंतरच्या तपासात पुढे आले. एसी चालू राहावा म्हणून जनरेटर किंवा इंजिन चालू ठेवून झोपणे, भंडारदऱ्याच्या थंडीत कोळशाची शेगडी आत घेणे, पाऊस आला म्हणून बार्बेक्यू दाराशी ओढणे, या तिन्ही गोष्टी आपल्याकडे सर्रास होतात, आणि तिन्ही जिवावर बेतू शकतात.

या वायूची पहिली लक्षणे म्हणजे डोके जड होणे, मळमळ आणि थकवा. माळशेज किंवा आंबा घाट उतरून आलेल्या कुटुंबात हे सगळे "गाडी लागली" या दोन शब्दांत मोडीत काढले जाते. एकाच वेळी सगळ्यांना तसे वाटू लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटले, तर गाडी लागली म्हणून लिंबू चोखत बसू नये. सगळ्यांनी बाहेरच थांबावे आणि डॉक्टर गाठावा.

कार्बन मोनॉक्साइडचे वजन हवेच्या जवळपास असल्यामुळे तो वरही जात नाही, खालीही बसत नाही, सगळीकडे मिसळतो. त्याचा डिटेक्टर म्हणूनच झोपणाऱ्यांच्या डोक्याच्या जवळपास, श्वासाच्या उंचीवर लावावा. त्याच्या आत बहुधा विद्युत-रासायनिक सेन्सर असतो, आणि तो प्रमाणासोबत वेळही मोजतो. अमेरिकेतील यूएल २०३४ या मानकानुसार हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग, म्हणजे ७० पीपीएम, वायू असेल तर अलार्म एक ते चार तासांत वाजला पाहिजे, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत, आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. यंत्र ताबडतोब वाजत नाही याला काही जण दोष समजतात. पण वायू रक्तात साठायला वेळ लागतो आणि अलार्म त्या साठण्याच्या हिशेबाने वाजतो. त्यामुळे तो वाजला, म्हणजे तुम्ही काही काळापासून तो वायू श्वासात घेत आहात, असेच समजावे.

हा डिटेक्टर विकत घेताना मागच्या बाजूचे मानक वाचावे. युरोपात घरासाठीच्या यंत्रांना ईएन ५०२९१ या मानकाचा पहिला भाग लागू होतो, आणि कॅरॅव्हॅन व बोटींसाठी दुसरा भाग आहे, ज्यात हादरे आणि कंपने यांची चाचणीही असते. मुंबई-गोवा महामार्गावर ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना त्या चाचणीचे महत्त्व सांगावे लागणार नाही. निव्वळ आकडे दाखवणारी, कोणत्याही मानकाचा उल्लेख नसलेली स्वस्त यंत्रे ऑनलाइन भरपूर मिळतात. त्यांच्या भरवशावर मुलांना झोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एलपीजी आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही ओळखणारे एकत्रित यंत्रही मिळते. ते तळाशी लावावे लागते, म्हणून जागा फारच कमी असेल तर ते घ्यावे. आम्ही दोन वेगळी यंत्रे ठेवली आहेत.

धुराचे काम त्या मानाने सोपे आहे. धूर गरम असतो, वर जातो, म्हणून स्मोक डिटेक्टर छतालाच लावायचा, आणि इथे घरची सवय गाडीतही चालते. फक्त भिंत आणि छत मिळतात तो कोपरा टाळावा, एसीच्या झोतासमोर लावू नये, आणि तंबूसारख्या उघडणाऱ्या कापडी छतावर तर नाहीच. प्रकार दोन. आयनीकरणावर, म्हणजे हवेतल्या कणांना विद्युतभार देण्यावर, चालणाऱ्या डिटेक्टरमध्ये अमेरिसियम-२४१ हे किरणोत्सारी द्रव्य अत्यल्प प्रमाणात असते आणि तो भडकलेल्या ज्वाळांच्या बारीक कणांना लवकर ओळखतो. प्रकाशावर चालणाऱ्या डिटेक्टरमध्ये एका काळ्या कोठडीत प्रकाशाचा किरण सोडलेला असतो. धुराचे कण आत आले की तो प्रकाश विखरून तो टिपणाऱ्या सेन्सरवर पडतो आणि अलार्म वाजतो. धुमसणारी गादी, तापलेली वायर, इन्व्हर्टरच्या मागे काळवंडलेला प्लायवूड यांचा जाड धूर या दुसऱ्या प्रकाराला लवकर कळतो. गाडीतल्या आगी बहुधा अशाच सुरू होतात, शिवाय फोडणीच्या धुराने आयनीकरणाचा डिटेक्टर फार वेळा ओरडतो आणि मग वैतागून कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवते. म्हणून गाडीसाठी प्रकाशावर चालणाराच घ्यावा. मच्छर अगरबत्ती त्याच्या खाली लावू नये, आणि तीन-चार महिन्यांनी मऊ ब्रशने धूळ व कोळिष्टके काढावीत.

आता विजेचा प्रश्न. घरगुती गॅस डिटेक्टर २३० व्होल्टवर चालतो, आणि तो इन्व्हर्टरला जोडला की काम झाले असे अनेकांना वाटते. रात्री बॅटरी वाचवण्यासाठी आपण इन्व्हर्टर बंद करतो, आणि नेमका झोपेच्या वेळी डिटेक्टरही बंद होतो. म्हणून गाडीसाठी १२ व्होल्टवर थेट चालणारा, आणि इंजिन चालू असताना चौदा व्होल्टच्या पुढे जाणारा दाबही सहन करणारा डिटेक्टर घ्यावा. मोठ्या बसच्या चासीवर गाडी बांधली असेल तर तिथे २४ व्होल्ट असतात, हे आधी तपासावे. वायर स्वतंत्र फ्यूजमधून न्यावी, दिव्यांच्या स्विचवर जोडू नये. बॅटरी उतरू लागली की काही डिटेक्टर विजेच्या कमी दाबामुळे तक्रारीचा आवाज काढतात, आणि गॅस गळतो आहे असे वाटून पहाटे तीनला सगळे उठतात. शिशाची जुनी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यानेही कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसचा डिटेक्टर खोटा वाजू शकतो. तेव्हा यंत्राला दोष देण्याआधी बॅटरीच्या कप्प्याला बाहेर हवा जाते का, ते पाहावे.

बदलण्याची वेळ आली हे आम्हाला दिवेआगरला कळले. रात्री साडेअकराला पलंगाजवळच्या डिटेक्टरने दर अर्ध्या मिनिटाला दोनदा टिकटिक सुरू केली. बॅटरी संपली असेल म्हणून ती बदलली, तरी टिकटिक थांबेना. शेवटी मोबाइलच्या उजेडात यंत्र ब्रॅकेटवरून फिरवून काढले. मागच्या पिवळट पडलेल्या प्लास्टिकवर, स्क्रूच्या भोकाजवळ, बारीक अक्षरांत बनवल्याचे वर्ष आणि बदलण्याचा महिना छापलेला होता, आणि तो महिना उलटून गेला होता. आम्ही ते चार वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरून नवे म्हणून घेतले होते. दुकानातल्या फळीवर त्याची आधीची तीन वर्षे गेली होती, आणि खोक्यावरची तारीख वाचण्याचे आम्हाला सुचले नव्हते.

ही यंत्रे भिंतीवरच्या घड्याळासारखी बॅटरी बदलत पिढ्यान्‌पिढ्या चालत नाहीत, कारण आतला सेन्सरच झिजतो. स्मोक डिटेक्टर बनवल्यापासून दहा वर्षांनी बदलावा. एलपीजीचा बहुधा पाच वर्षांत, कार्बन मोनॉक्साइडचा मॉडेलप्रमाणे पाच, सात किंवा दहा वर्षांत. लेबलवर जी मुदत असेल तीच खरी, आणि एकत्रित यंत्रात ज्या सेन्सरची मुदत आधी संपते ती. टेस्टचे बटण दाबल्यावर भोंगा वाजला म्हणजे भोंगा आणि सर्किट ठीक आहे एवढेच कळते. सेन्सर जिवंत आहे की नाही, ते बहुतेक यंत्रांत त्या बटणाने कळत नाही. लायटरचा गॅस सोडून पाहण्याचा प्रयोगही पत्रकात सांगितला असेल तरच करावा, कारण एवढ्या दाट गॅसने काही सेन्सर बिघडतात. आम्ही आता प्रत्येक यंत्राच्या पुढच्या बाजूला, सहज दिसेल असे, बदलण्याचे महिना-वर्ष पर्मनंट मार्करने लिहितो. भाड्याची कॅरॅव्हॅन घेतानाही ताब्यात घेण्याआधी या तारखा पाहाव्यात. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा लहान अलार्म तर आपल्या सामानातही नेता येतो.

गॅसचा अलार्म वाजला तर काय करायचे हे गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला, मुलांनाही, आधी सांगून ठेवावे. दिवा लावायचा नाही आणि लागलेला बंदही करायचा नाही, कारण दोन्हीत ठिणगी पडते. घरात वास आला की एक्झॉस्ट फॅन लावण्याकडे हात जातो, तो इथे आवरायचा. पेटलेली शेगडी बंद करायची, दार उघडून सगळ्यांनी बाहेर पडायचे, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बाहेरून बंद करायचा, आणि फोन गाडीपासून दूर गेल्यावरच करायचा. एलपीजी गळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे, आणि अग्निशमन दलासाठी १०१. आमच्या गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला हे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहेत.

पावसाळ्याचे वेगळे सांगावे लागते. जूनपासून गाडी सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असते. ८० मिलिअँपिअर घेणारा एक डिटेक्टर दिवसाला जवळपास दोन अँपिअर-तास खातो, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी दुसरे काही न लावताही पन्नास दिवसांत रिकामी होते. म्हणून सिलिंडर उतरवून ठेवल्यावर आम्ही डिटेक्टरचा फ्यूज काढतो आणि स्टिअरिंगला तशी चिठ्ठी बांधतो. खाऱ्या दमट हवेने फ्यूजच्या खोबणीत हिरवट गंज धरतो, तो गणपतीला कोकणात निघण्याआधी घासून काढतो. बरेच दिवस थंड राहिलेला सेन्सर स्थिर व्हायला वेळ घेतो आणि सुरुवातीला उगाच वाजू शकतो, त्यामुळे डिटेक्टर निघण्याच्या आदल्या दिवशीच चालू करून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शांत असेल, तरच सिलिंडर गाडीत चढतो.